वीस लँड, तीन रंग, चार क्रशर: एका डेकच्या दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी दुपारी आम्ही काही जण ‘मॅजिक: द गॅदरिंग’ खेळतो. कॉलेजची पोरं, दोन बँकवाले, एक दातांचे डॉक्टर आणि अंबड एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारा एक जण. हे प्रकरण या शेवटच्याच्या डेकचं आहे. त्याला विचारून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावाच्या जागी ग्रुपमधली मुलं त्याला हाक मारतात तेच, ‘भाऊ’, ठेवलंय.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाचा हा खेळ १९९३ साली बाजारात आला. पत्त्यांचा गठ्ठा, म्हणजे डेक, प्रत्येक जण घरून बांधून आणतो. त्यात किमान ६० पत्ते लागतात आणि बेसिक लँड सोडल्या तर एका नावाचे चारपेक्षा जास्त पत्ते चालत नाहीत. सुरुवातीला हातात सात पत्ते आणि खात्यावर २० लाइफ. आपल्या टर्नला फार तर एक लँड मांडता येते. लँड टॅप केली, म्हणजे आडवी केली, की माना मिळतो आणि तो खर्चून बाकीचे पत्ते खेळायचे. बेसिक लँडपैकी फॉरेस्ट हिरवा माना देते, माउंटन लाल, स्वॅम्प काळा. लाल पत्त्याला लाल माना लागतोच. हातात तीन फॉरेस्ट असल्या तरी एका मानाचा लाइटनिंग बोल्ट खेळता येत नाही.

आम्ही पॉपर खेळतो. या प्रकारात कधी ना कधी ‘कॉमन’, म्हणजे सहज मिळणारे, म्हणून निघालेलेच पत्ते चालतात. २०१९ पासून तो खेळ काढणाऱ्या कंपनीनेही एकच यादी ठरवून अधिकृत केलेला आहे. आमचं कारण साधं, खिशाचं. शिवाय ग्रुपचा एक अलिखित नियम आहे: नवा डेक आधी झेरॉक्सवर खेळून बघायचा. चिठ्ठ्या कापायच्या, जुन्या पत्त्यांसोबत स्लीव्हमध्ये सरकवायच्या आणि जमला तरच पैसे घालायचे. अधिकृत स्पर्धेत झेरॉक्स चालत नाही, आपापसात कोण विचारतो?

भाऊने तो नियम पाळला नव्हता. हौसेने एकेक करत पत्ते आधीच घेऊन ठेवले होते. पत्त्यांवर महिन्याला हजार रुपये, त्यावर एक रुपया नाही, अशी घरात बोली झालेली. म्हणजे पुढे जो बदल सुचवायचा तो या हजारात बसवूनच सुचवायला हवा होता.

दुसरी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. मॅजिकच्या आधी भाऊ बरीच वर्षं मोबाइलवर हार्थस्टोन खेळायचा. तिथे डेक ३० पत्त्यांचा आणि माना दर टर्नला आपोआप एकाने वाढतो. लँड नावाची भानगडच नाही. साहजिकच ‘आठव्या टर्नला आठ माना’ हे त्याने गृहीत धरलेलं. मॅजिकमध्ये आठव्या टर्नला आठ माना हवे असतील, तर तोवर आठ लँड हातात याव्या लागतात.

अडचण

भाऊ हरत होता. एवढं असतं तर ते प्रकरण झालं नसतं, कारण हरतात सगळेच. पण तो खेळायला न मिळताच हरत होता. समोरचा चौथ्या टर्नला तीन प्राणी घेऊन अंगावर आलेला आणि भाऊच्या हातात सहा पत्ते तसेच. दर वेळी एकच वाक्य: “पानंच लागत नाहीत यार!” हळूहळू तो तासभर उशिरा यायला लागला, मग एक-दोन रविवार आलाच नाही. चांगला गडी हातचा जाईल म्हणून मी त्याला म्हटलं, “डेक टेबलावर पसर, बघू तरी.”

पसरला तर ६६ पत्ते निघाले. “चांगले होते, काढवेना,” असं त्याचं म्हणणं. नवखे सगळे हेच करतात. पण साठच्या वरचा प्रत्येक पत्ता तुमचा सगळ्यात चांगला पत्ता हातात यायची शक्यता कमी करतो. सहा पत्ते तिथेच बाजूला काढले. उरलेल्या साठचा हिशेब असा: २० लँड, त्यांत ७ फॉरेस्ट, ७ माउंटन, ६ स्वॅम्प. एका मानाचे ५ पत्ते, दोनचे ६, तीनचे ८, चारचे ७. आणि पाच किंवा त्याहून जास्त मानाचे तब्बल १४. त्या चौदात चार उलामोग्ज क्रशर.

क्रशर हा भाऊचा जीव की प्राण. आठ मानाचा, कुठल्याही रंगाचा माना चालतो, ताकद ८/८, म्हणजे आठचा मार देतो आणि आठचा सोसतो. हल्ला केला की समोरच्याला मांडलेल्यांतले दोन पत्ते बळी द्यावे लागतात. कॉमनमध्ये एवढा दांडगा पत्ता सापडणं मुश्किल. भाऊने तो एकदा मांडला होता, तो डाव जिंकला होता आणि त्या डावाची गोष्ट आम्ही सगळ्यांनी अनेकदा ऐकली होती.

ग्रुपमध्ये स्टॅटिस्टिक्स शिकणारी एक मुलगी आहे. तिने लॅपटॉपवर एक्सेल उघडून हायपरजिओमेट्रिकचं, म्हणजे गठ्ठ्यातून ओढलेल्या पत्त्यांत हवे ते किती येतील याच्या शक्यतेचं, सूत्र टाकलं. साठांत २० लँड असतील आणि तुम्ही पहिले खेळत असाल, तर तिसऱ्या टर्नपर्यंत नऊ पत्ते दिसतात (पहिला खेळणारा पहिल्या टर्नला पत्ता ओढत नाही). त्या नवांत तीन लँड नसण्याची शक्यता ३६ टक्के. पाचव्या टर्नला पाच लँड असण्याची शक्यता फक्त २७ टक्के. आणि सात माउंटनवर, दुसऱ्या टर्नपर्यंत एकही माउंटन न दिसण्याची शक्यता ३५ टक्के.

“भाऊ, पानं लागतायत,” ती म्हणाली. “तुम्ही जी घातलीत तीच लागतायत.”

त्याला ते झोंबलं. पण त्या दिवशी तो उठून गेला नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय दातांच्या डॉक्टरांनी सुचवला: लँड पेरून ठेवायच्या. दोन पत्ते, एक लँड, पुन्हा दोन पत्ते, एक लँड, असा गठ्ठा रचायचा आणि मग वरवर पिसायचा. हे बरेच जण करतात आणि मनात खोट न ठेवता करतात. पण त्यात पेच आहे. नंतर नीट पिसलं तर पेरणीचा काही उपयोग राहत नाही. उपयोग राहिला, तर तुम्ही नीट पिसलेलं नाही आणि नियमाने ती लबाडी ठरते. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवलं होतं की ५२ पानांचा कॅट रिफल पद्धतीने, म्हणजे दोन भाग करून एकमेकांत फडफडवत, साधारण सात वेळा पिसावा लागतो. साठ पत्त्यांना, तेही स्लीव्हमधल्या, त्याहून कमी पुरेल असं समजायला काही आधार नाही. हा पर्याय तिथेच संपला.

दुसरा: लँड वाढवायच्या, बाकी डेक तसाच. खर्च शून्य, कारण बेसिक लँड ग्रुपमध्ये ढिगाने पडून आहेत. तिसरा: काळा रंग काढून हिरवा-लाल असा दोन रंगांचा डेक करायचा. याला थोडे पैसे लागणार होते, आणि भाऊच्या आवडीचे बरेच पत्ते जाणार होते. डूम ब्लेड, गुरमाग अँगलर, सगळं काळं.

चौथा पर्याय एका कॉलेजच्या पोराने सहज बोलता बोलता टाकला: “क्रशरच खेळायचाय ना? मग ट्रॉन बांधा की.” ट्रॉन म्हणजे उर्झाज माइन, उर्झाज पॉवर प्लांट आणि उर्झाज टॉवर या तीन लँडचा संच. एकेकट्या प्रत्येकी एकच माना देतात, तिन्ही मांडल्या की मिळून सात. या तिन्ही पॉपरमध्ये चालतात. त्यावर कोणी फार बोललं नाही. “नवख्याचं काम नाही ते,” असं म्हणून मीच विषय पुढे सरकवला.

भाऊने दुसरा पर्याय घेतला. आम्हीही आडकाठी केली नाही. फुकटचा उपाय आधी करून बघावा, यात वावगं काही नव्हतं.

पहिली दुरुस्ती, आणि ती का फसली

लँड २० वरून २४ झाल्या: ९ फॉरेस्ट, ८ माउंटन, ७ स्वॅम्प. कागदावर सुधारणा झाली होती. तिसऱ्या टर्नला तीन लँड नसण्याची शक्यता ३६ वरून २१ टक्क्यांवर आली, पाचव्याला पाच लँड असण्याची २७ वरून ४७ वर गेली. माउंटन न दिसण्याची मात्र ३५ वरून २९ पर्यंतच उतरली. तीन रंगांत वाटलं की चार लँडने प्रत्येकाच्या वाट्याला कितीसं येणार?

पण खरा घोळ दुसरीकडे झाला. चार लँड आत आल्या म्हणजे चार पत्ते बाहेर जायला हवेत. ते कोणते, हे भाऊने घरी बसून एकट्याने ठरवलं. त्याने काढले दोन लानोवार एल्व्ज आणि दोन मानाचे दोन छोटे प्राणी. त्याचा विचार असा: एक मानाचा १/१ चा एल्फ कोणाला मारणार? बारकी पानं काढू, दांडगी ठेवू.

आता डेकमध्ये एक-दोन मानाचे मिळून सातच पत्ते उरले. दुसऱ्या टर्नपर्यंत त्यातला एकही हातात नसण्याची शक्यता, सात माउंटनचा होता तोच आकडा, ३५ टक्के. म्हणजे लँड वेळेवर आल्या, रंग जुळले, तरी तीनातल्या एका डावात भाऊ पहिले दोन टर्न हात बांधून बसणार. लानोवार एल्व्ज तर स्वतः टॅप होऊन हिरवा माना देतो. म्हणजे माना वाढवायला म्हणून त्याने मानाच कापला होता.

पुढच्या रविवारी तो आधीपेक्षा जास्त वैतागला. आधी लँड येत नव्हत्या, आता हातात पाच लँड आणि एक क्रशर. “आता फ्लड झालो,” म्हणाला, म्हणजे हातात नुसत्या लँडच, आणि ते खरंही होतं. मात्र क्रशरसाठी आठ लँड हव्यात म्हणून लँड वाढवत गेलं, तर ज्या डावात क्रशर येत नाही त्या डावात त्याच लँड हातात कुजतात. जड पत्ते ठेवून फक्त लँडची संख्या वर-खाली करणं म्हणजे स्क्रू व्हायचं (लँडच न मिळणं) की फ्लड व्हायचं, एवढीच निवड करणं.

वही

इथे त्या मुलीने एक साधी युक्ती काढली आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिथेच वळलं. तिने भाऊला एक शंभरपानी वही दिली. दर टर्नला तीनच रकाने: लँड किती, माना वापरला किती, वाया किती. जिंकलो-हरलो लिहायचं नाही.

त्यातल्या एका डावाचं पान मी पाहिलंय. टर्न १: लँड १, वापर ०, वाया १. टर्न २: लँड २, वापर ०, वाया २. टर्न ३: लँड ३, वापर ३. टर्न ४: लँड ४, वापर ०, वाया ४, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘स्वॅम्प नाही’. टर्न ५: लँड ४, वापर ४. सहाव्या टर्नला मेला. पाच टर्नमध्ये १४ माना मिळाला होता, त्यातला निम्मा, ७, वाया. लँड एकदाच चुकली होती, तीही पाचव्या टर्नला. या डावाला ‘पानं लागली नाहीत’ म्हणायला जागाच नव्हती.

मॅजिकमध्ये न वापरलेला माना पुढच्या टर्नला जात नाही. तो टर्नच्या अखेरीपर्यंतसुद्धा टिकत नाही, ज्या टप्प्यात काढला तो टप्पा संपला की गेला. हा नियम भाऊला पहिल्या दिवसापासून पाठ होता. वहीतला ‘वाया’चा रकाना भरत गेला तेव्हा तो पहिल्यांदा त्याच्या डोक्यात शिरला. त्याचं घर निफाड तालुक्यातलं, शेती कांद्याची आणि थोड्या टोमॅटोची. तो एकदम म्हणाला, “मी याला कांदा समजत होतो. चाळीत ठेवू, भाव आला की काढू. हा तर टोमॅटो आहे, आजच्या आज मार्केटला गेला पाहिजे.”

माझ्या महिनाभराच्या समजावण्यापेक्षा हे एक वाक्य सरस होतं. पहिल्या टर्नचा एक माना, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचे तीन, हे बहुतेक डावांत मिळतात, आणि ते खपवायला त्या-त्या किमतीचं काहीतरी हातात असावं लागतं. खेळाडू ज्याला कर्व्ह म्हणतात तो एवढाच. लँड किती, हा प्रश्न त्याच्यानंतर येतो.

दुसरी दुरुस्ती

मग तिसऱ्या पर्यायाकडे वळलो, या वेळी झेरॉक्सवर. काळा रंग गेला. अँगलर आणि डूम ब्लेड काढताना भाऊने फारशी कुरकुर केली नाही. वहीत ‘स्वॅम्प नाही’ इतक्या वेळा आलं होतं की वाद घालायला काही उरलं नव्हतं.

नवा डेक: २२ लँड, म्हणजे ९ फॉरेस्ट, ९ माउंटन आणि ४ रग्ड हायलँड्स. ही शेवटची कॉमन लँड लाल किंवा हिरवा, हवा तो माना देते. टॅप होऊन येते म्हणून एक टर्न मागे राहते, पण येताना एक लाइफ देते. प्रत्येक रंगाला १३ लँड झाल्या. दुसऱ्या टर्नपर्यंत माउंटन किंवा हायलँड्स न दिसण्याची शक्यता ३५ वरून १२ टक्क्यांवर आली. मॅजिकचे खेळाडू आणि त्याच्या गणितावर लिहिणारे फ्रँक कार्स्टन यांनी रंगांच्या लँडचे जे हिशेब मांडलेत, त्यात ६० पत्त्यांच्या डेकमध्ये एका मानाचा पत्ता पहिल्याच टर्नला भरवशाने खेळायचा तर त्या रंगाच्या १४ लँड धरल्या आहेत. आम्ही एकाने कमी होतो, दोन्ही रंगांत. चालवून घेतलं.

उरलेले ३८ पत्ते असे: एका मानाचे १२, दोनचे १२, तीनचे ८, चारचे ४, पाचचे २. एल्व्ज चार झाले, बोल्टही चार. एक-दोन मानाचे पत्ते सातावरून चोवीसवर गेल्यामुळे, दुसऱ्या टर्नपर्यंत त्यातलं एकही हातात नसणं शंभरात जेमतेम एकदा. लँड चोविसाच्या बाविस करूनही खेळ सुधारणार होता, कारण या डेकला पाचव्या लँडची घाईच नव्हती. भाऊला हेच सगळ्यात अवघड गेलं: लँड कमी केल्या आणि स्क्रू होणंही कमी झालं, हे कसं?

आणि क्रशर. या डेकमध्ये क्रशरला जागा नाही, हे टेबलावरच्या प्रत्येकाला दिसत होतं. भाऊ म्हणाला, “एक तरी ठेवू.” मुलगी म्हणाली, “भाऊ, एक ठेवलात तर तो बहुतेक डावांत येणारच नाही, आणि ज्या डावात पहिल्या हातात आला त्या डावात तुम्ही सहा पत्त्यांवर खेळताय असं समजा.” मी मध्यममार्ग काढला: एक क्रशर साइडबोर्डात. तीन डावांच्या सामन्यात पहिल्या डावानंतर या १५ राखीव पत्त्यांतून बदल करता येतात. खेळाच्या दृष्टीने हा निर्णय कमकुवत होता, साइडबोर्डातली एक जागा फुकट गेली. पण माणूस टेबलावर टिकवायचा होता, आणि त्या हिशेबाने एक जागा महाग नव्हती.

हायलँड्स आणि काही छोटे लाल-हिरवे पत्ते घ्यायचे होते. ते हजारात बसले, कारण काळे पत्ते ग्रुपमध्येच अदलाबदलीत गेले.

मलिगनचा हट्ट

डेक सुधारला, पण एक सवय राहिली. पहिले सात पत्ते पसंत नसतील तर मलिगन घेता येतो. २०१९ पासूनच्या पद्धतीने पुन्हा पूर्ण सात ओढायचे, आणि जितके मलिगन घेतले तितके पत्ते आपल्या पसंतीने डेकच्या तळाशी ठेवायचे. म्हणजे पहिल्या मलिगनला सहाच राहतात, पण सातातून निवडलेले सहा. भाऊ मलिगन घेतच नव्हता. “सहावर सुरू करायचं म्हणजे आधीच हरल्यासारखं.”

बाविस लँडच्या डेकमध्ये पहिल्या सातात शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता १९ टक्के असते. पाचातला जवळजवळ एक हात. हे कुठल्याही डेकच्या नशिबी असतंच. जुन्या वीस लँडच्या डेकमध्ये तर ते चारातला एक होतं. डेक कितीही नीट बांधा, हा हात येणार, आणि तो आला की काय करायचं हे डेक नाही, खेळाडू ठरवतो. तत्त्वतः भाऊला हे पटलं होतं. प्रत्यक्षात काय झालं ते पुढे येतंच.

निकाल

वहीतला ‘वाया’चा रकाना भराभर आटला. पहिल्या चार टर्नमध्ये एखाद-दुसरा माना वाया, यापेक्षा जास्त क्वचित. भाऊ वेळेवर यायला लागला. बँकवाल्यांना त्याने सलग हरवलं, तेव्हा त्यातल्या एकाने “डेक उसना दे ना” म्हटलं, ही आमच्याकडची सगळ्यात मोठी पावती.

मग बाहेरगावची मंडळीही येतील असं एक छोटं जमवणं ठरलं, चार फेऱ्यांचं. भाऊ दोन जिंकला, दोन हरला. एका पराभवाबद्दल बोलण्यासारखं काही नाही, समोरचा निळा डेक सरस होता आणि चालवणाराही.

दुसरा पराभव तिसऱ्या डावातला, पहिला खेळताना. हात आला: एक फॉरेस्ट, एक एल्फ, दोन बोल्ट, दोन मानाचे दोन प्राणी, तीनचा एक. एल्फ दिसल्यामुळे त्याने तो ठेवला. पहिल्या टर्नला एल्फ येईल, दुसऱ्याला दोन माना होतील, असा हिशेब. समोरच्याने त्याच्या पहिल्या टर्नलाच एल्फ मारला. आता उरलेल्या ५३ पत्त्यांत लँड २१. दुसऱ्या टर्नला लँड मिळण्याची शक्यता जेमतेम ४० टक्के, आणि तिसऱ्या टर्नपर्यंतही न मिळण्याची ३६ टक्के. मिळाली नाही. चौथ्या टर्नला मिळाली ती रग्ड हायलँड्स, टॅप होऊन आलेली.

डाव संपल्यावर त्याने वहीत नेहमीचे रकाने भरले. त्या डावात वाया गेलेला माना फारच थोडा होता. आमच्या वहीची मर्यादा त्या दिवशी उघडी पडली. माना वाया जाणं ती पकडते, माना मुळात न मिळणं पकडत नाही. तेव्हापासून चौथा रकाना आलाय: ठेवलेल्या हातात लँड किती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दुरुस्तीच्या वेळी ‘चार लँड घाल’ एवढंच सांगून सोडणं अपुरं होतं. काय घालायचं यापेक्षा काय काढायचं हा निर्णय जड असतो, आणि तोच आम्ही त्याच्यावर सोडला. चार पत्ते तिथेच टेबलावर निवडले असते, तर मधले वैतागाचे रविवार वाचले असते. वहीही आधी यायला हवी होती, डेकला हात लावण्याच्या आधी. मग जुन्या डेकची नोंद हाताशी राहिली असती आणि दोन्हींची तुलना झाली असती. आता जुन्याबद्दल जे बोलतो ते बरंचसं आठवणीवर.

ट्रॉनच्या पर्यायाबद्दल माझं मत बदललंय. आम्ही भाऊला दिला तो डेक चांगला आहे, पण तो आमच्या आवडीचा आहे. त्याला झटपट जिंकण्यात रस कधीच नव्हता. त्याला आठ मानाचा राक्षस मांडायचा होता. त्या इच्छेत चूक काही नाही. चूक एवढीच की त्याचा जुना डेक त्या इच्छेसाठी काहीच करत नव्हता. डेक बांधण्याची दोन्ही टोकं रास्त आहेत: माना थोडा, तर पत्ते हलके, पत्ते जड, तर अर्धा डेक माना जमवण्यात घाला. ट्रॉन नवख्याला अवघड जातो हे खरंय, तरी झेरॉक्सवर दोन-तीन रविवार खेळून बघायला काही खर्च नव्हता.

सध्या तेच चाललंय. हिरवा-लाल डेक सामन्यांसाठी, आणि सोबत भाऊने ट्रॉनच्या चिठ्ठ्या कापल्यात. या वेळी गणित आधी झालं, तेही त्याने स्वतः केलं, मुलीकडून एक्सेलचं सूत्र शिकून घेऊन. तिन्ही उर्झा लँड प्रत्येकी चार घातल्या, तर नुसत्या ओढण्यावर तिसऱ्या टर्नपर्यंत तिन्ही हातात असण्याची शक्यता १० टक्क्यांच्याही आत भरते. म्हणून त्याने चार एक्स्पिडिशन मॅप घातलेत. एक माना देऊन मांडायचा, पुढे दोन माना आणि तो नकाशाच खर्चून हवी ती लँड शोधायची. क्रशर चारच्या चार आहेत. चार जास्त होतात असं मुलीचं म्हणणं आहे, तीन पुरेत. त्यावर वाद अजून मिटलेला नाही.